शनिवारची धुळे गाडी

माझे घरमालक दर निवडणुकीला उभे राहत, आणि प्रचाराची सुरुवात समोरच्या उमेदवाराच्या कौतुकानं करत. बाजाराच्या दिवशी चौकात एक टेबल मांडायचं, टेबलावर बॅटरीवर चालणारा भोंगा, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि मागं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद करून उभे नाना. "प्रवासी बंधू-भगिनींनो, इकडे लक्ष द्या." त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर घोषणा करण्यात गेली होती. चाळीसगाव, मग धुळे, शेवटची वर्षं आमच्या तालुक्याच्या गावाला. निवृत्त झाल्यावरही मतदार हा शब्द त्यांच्या तोंडी काही बसला नाही. चार माणसं समोर जमली की ते प्रवासीच.

"आपले जिनिंगवाले भाऊ यांनी दोन नंबरच्या गल्लीत गटार बांधली. गटार पक्की आहे. मी तीन दिवस उभा राहून पाहिली. तिला उतारही चांगला आहे. उतार शाळेकडे आहे, एवढं प्रवाशांनी ध्यानात घ्यावं."

लोक हसत. जिनिंगवाले भाऊही हसत, कारण निवडून तेच येणार असत. नानांना गल्लीतली आणि शाळेमागच्या वस्तीतली थोडी मतं पडत. निकालाच्या दिवशी ते भाऊंच्या घरी जाऊन पेढा खात आणि परत येताना गटारीजवळ थांबून पुन्हा एकदा उतार पाहत.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं भाडेकरू होतो. खालच्या दोन खोल्या आमच्या, वर ते आणि त्यांची बायको, अक्का. मी आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचो, पुढं फ्लेक्स आले तसं मशीन घेतलं, पण नाना मला शेवटपर्यंत पेंटर म्हणत. मी फारसा बोलणारा माणूस नाही. दुकानात लोक बोलतात, मी लिहितो. लग्नाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, आणि निवडणूक आली की घोषणा, चारोळ्या, रिक्षावर वाजवायचा मजकूर. सगळ्यांचा लिहितो, जो येईल त्याचा. गावात थोडं नावही आहे त्याबद्दल.

हे जे आता लिहितो आहे ते एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका निवडणुकीत नाना माझ्यामुळे हरले, याचं मला फार वाटत नाही. हरायची त्यांना सवय होती. पण त्याच निवडणुकीत धुळ्यातल्या एका बाईची खानावळ बंद पडली आणि नानांचे शनिवार गेले. ती बाई उमेदवार नव्हती. आमच्या गावची मतदारही नव्हती.

नानांबरोबर एका घरात राहणं म्हणजे स्टँडवर राहिल्यासारखं होतं. सकाळी जिन्यावरून आवाज यायचा, "वरच्या मजल्यावरून सुटणारा सातचा चहा काही तांत्रिक कारणामुळे पंधरा मिनिटं उशिरा सुटेल." मागून अक्का सांगत, "तांत्रिक कारण म्हणजे यांनी दूध उतू घालवलं." माझी मुलगी शाळेत निघाली की तिचीही घोषणा व्हायची, दप्तर आणि डबा सोबत घेतल्याची खात्री करून घ्यावी म्हणून. पाहुणा आला तर तो कुठल्या गावाहून आला, किती वाजता परत निघणार, हे गल्लीला कळायचं. एकदा अक्कांचा भाऊ चिडला. नाना म्हणाले, येणाऱ्या गाडीची वेळ सांगितली नाही तर माणसं ताटकळतात.

एवढं सगळं मोठ्यानं सांगणारा माणूस, पण दुसऱ्याच्या घरातलं काही कानावर आलं की उठायचा. ओट्यावर कुणी सुरुवात केली, अमक्याची सून, तमक्याचा मुलगा, की नाना शांतपणे उठून नळावर जात आणि पाय धूत. घोट्यापासून बोटांपर्यंत, सावकाश. बोलणाऱ्याचं संपेपर्यंत पाय धुणं संपत नसे. गल्लीत म्हणच पडली होती. कुणी जास्त खोलात शिरलं की दुसरा म्हणायचा, "थांब, नाना पाय धुवायला निघाले."

आणि दर दुसऱ्या शनिवारी ते धुळ्याला जात. आमच्या गावाहून धुळ्याला थेट एकच गाडी, सकाळची, जळगाव-एरंडोल-पारोळा करत जाणारी. हातात खाकी कापडाची पिशवी. पिशवीत केळी, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, एरवी अक्कांच्या हातच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. संध्याकाळी परत. या एका गाडीची घोषणा मात्र जिन्यावरून कधी झाली नाही. गल्लीचा समज होता की पेन्शनचं काहीतरी काम आहे. काही म्हणत डोळ्यांचा डॉक्टर आहे. मी विचारलं नाही. मला वाटतं म्हणूनच त्या दोघांचा माझ्यावर विश्वास बसला असावा. न विचारणं आणि न सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुठं माहीत होतं.

एका शनिवारी नाना तापानं पडले होते. अक्का पिशवी घेऊन खाली आल्या. "पेंटर, धुळ्याला जाऊन येशील का? केळी पिकलीत, आता थांबायची नाहीत."

धुळ्यात स्टँडच्या मागं दोन गल्ल्या सोडून ती खानावळ होती. पाटी नव्हती. पुढच्या खोलीत लांब सतरंजी, तिच्यावर आठ-दहा कॉलेजच्या मुली जेवत होत्या. आत पन्नाशी ओलांडलेली एक थोराड बाई पोळ्या लाटत होती. मुली तिला मावशी म्हणत होत्या. तिनं आधी पिशवी ओळखली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लाटणं खाली ठेवलं.

"नाना?"

ताप आहे म्हणालो. किती, कधीपासून, डॉक्टरनं काय सांगितलं, सगळं विचारून झाल्यावर तिनं मला पाणी दिलं, चहा ठेवला. मग कोपऱ्यातून पेपरचा गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. पंधरा दिवसांचे पेपर, घडी न मोडलेले. तिला वाचता येत नव्हतं. नाना येत, एकेक पेपर पहिल्या पानापासून वाचत, आणि ती पोळ्या लाटत ऐके. एवढंच असे त्यांचं. मी तिथं होतो तेवढ्यात तरी मला एवढंच कळलं. तिनं विचारलं, वाचता का थोडं? मी अर्धा तास वाचलं. केळीचे भाव, जामनेरकडचा एक अपघात, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा.

"तुम्ही फार सपाट वाचता," ती म्हणाली. "ते वाचतात तर वाटतं, उठावं न् गाडीत बसावं."

निघताना लोणच्याची बरणी दिली आणि अक्कांना निरोप दिला, मागच्या बिबड्या जरा खारट होत्या. घरी येऊन मी तसं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बिबड्या नाही खारट. तिची जीभ खारट शे." पण बरणीचं झाकण काढून त्यांनी आधी वास घेतला, आणि त्या रात्रीच्या भाकरीबरोबर ते लोणचं वाढलं.

दोन दिवसांनी अक्कांनी आपण होऊन सांगितलं. नाना धुळ्याला होते तेव्हा अक्का पाठीच्या दुखण्यानं तीन वर्षं माहेरी अंथरुणावर होत्या. त्या बाईच्या खानावळीत नाना जेवत. "त्यांच्यात काय शे अन् काय नही, ते मी विचारलं नाही," अक्का म्हणाल्या. "जायचं तर ते जातील. पिशवी घेऊन जावं. रिकाम्या हातानं काय जायचं कोणाच्या घरी?"

नाना बरे झाल्यावर मला एवढंच म्हणाले, "पेंटर, प्रवास ठीक झाला?" मी हो म्हणालो.

दर हिवाळ्यात मागच्या अंगणात नानांचं भरीत असे. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी परातीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. निवडणुकीचं वर्ष असलं तर त्या प्रभागात उभे असलेले सगळे उमेदवार त्या दिवशी जेवायला येत. आले पाहिजे, असा नानांचा हट्टच असे. एका पंगतीत बसायचं, मग बाहेर जाऊन काय भांडायचं ते भांडा.

अशाच एका भरिताला त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. नाना मूळचे पांझरा नदीच्या काठच्या एका खेड्यातले. तिथं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बाया गौराई बुडवायला नदीवर जात. या काठाला या गावच्या, त्या काठाला त्या गावच्या, आणि पाण्यावरून एकमेकींना शिव्या घालत. अगदी ठरवून, वर्षभर जुळवून ठेवलेल्या. कुणाच्या नवऱ्याचं पोट, कुणाच्या गावची पांगळी बैलं, कुणाच्या वरणातलं पाणी. नानांची आई त्यात पटाईत होती. पलीकडच्या बाया ती आली का नाही ते आधी पाहत. ती एकच नियम पाळे, आणि तो तिनं नानांना शिकवला होता. नानांनी तो आईच्या बोलीतच सांगितला, "घरमा पानी पीसन जे ऐकं, ते नदीवर बोलानं नही." म्हणजे कुणाच्या घरात बसून, पाणी पिऊन जे कानावर आलं, ते काठावरून ओरडायचं नाही. ज्या बाईनं ते केलं तिला पुढच्या वर्षी दोन्ही काठांवर जागा नसे.

जिनिंगवाले भाऊ म्हणाले, "नाना, तुमच्या आईला आमच्या पक्षात घ्यायला पाहिजे होतं." सगळे हसले. मीही हसलो. बोटाला लागलेलं भरीत मी चाटत होतो, एवढं मला लख्ख आठवतं.

मग ती निवडणूक आली. त्या पावसाळ्यात गटारीचं पाणी शाळेच्या दोन वर्गांत शिरलं होतं आणि महिनाभर मुलं व्हरांड्यात बसली होती. लोकांना नानांची मागच्या निवडणुकीतली घोषणा आठवली. बाजाराच्या दिवशी टेबलासमोर गर्दी होऊ लागली. पूर्वी लोक हसायला थांबत, आता ऐकायला थांबत. नानांना चिन्ह मिळालं होतं कपबशी. चहाच्या टपरीवर पोरं कपबशी उचलून एकमेकांना दाखवू लागली. पहिल्यांदाच असं वाटलं की नाना निवडून येतील.

भाऊंचं सगळं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी भाऊंचा पुतण्या आणि आणखी दोघं दुकानात बसले होते. पुतण्या वैतागलेला. म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला धरायला जागाच नाही. कामावर बोलावं तर त्यानं काही काम केलेलं नाही. घरावर बोलावं तर घर साफ."

इथं मला कुणी दडपण आणलं, पोटाचा प्रश्न होता, असं लिहिता आलं तर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. भाऊंचं काम माझ्याकडे राहणारच होतं. नानांनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. तिघं गप्प बसले होते, माझ्याजवळ एक गोष्ट होती, आणि ती बोललो तर तिघं माझ्याकडे पाहतील एवढं मला कळलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं, आपणही एकदा बोलावं.

मी म्हणालो, "दर दुसऱ्या शनिवारी धुळ्याची गाडी कोण पकडतं, ते विचारा."

पुढचं सगळं मीच लिहिलं. त्यांनी फक्त हसून साथ दिली. नानांच्याच थाटात लिहिलं, म्हणजे लोकांना लगेच कळावं. रिक्षावर बोलणाऱ्या एका नकलाकाराकडून ते रेकॉर्ड करून घेतलं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. जळगाव, एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणारी शनिवारची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. फलाट क्रमांक एकवर अक्का उभ्या आहेत, त्यांनी घाई करू नये, ही गाडी त्यांच्यासाठी नाही. धुळ्याच्या खानावळीत गरम पोळ्या तयार आहेत. पंधरा दिवसांचे पेपर वाचायचे राहिले आहेत. कपबशीचे उमेदवार दोन घरी चहा पितात. प्रवाशांनी आपल्या मताची काळजी स्वतः घ्यावी."

पेपरचं वाक्य मी सगळ्यांत शेवटी घातलं. ते नसतं तरी चाललं असतं. पण त्यानं सगळ्याला खरेपणा येत होता, आणि मला ते वाक्य आवडलं होतं.

रिक्षा आमच्या गल्लीत आली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी दुकानात जायला निघालो होतो, चप्पल पायात घालत होतो. वर गॅलरीत नाना उभे होते. रिक्षा मुद्दाम आमच्या दारासमोर थांबली आणि मजकूर दोनदा वाजला. दोन्ही वेळा नानांनी कठड्याला हात टेकून, मान किंचित वाकडी करून पूर्ण ऐकला. मग आत गेले.

अक्का शेंगा सोलत राहिल्या. रिक्षा वळल्यावर खाली बघतच म्हणाल्या, "पेपरचं कोणी सांगितलं असेल रे त्यांना?"

मी म्हणालो, "काय माहीत."

"हो ना," अक्का म्हणाल्या. "कोणाला माहीत असणार."

त्या घरात मी त्यानंतर आणखी दोन वर्षं राहिलो.

बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहायला जागा नव्हती. अर्धे लोक मजा पाहायला आलेले. नानांच्या मागं शाळेजवळच्या वस्तीतली पोरं उभी होती आणि ती चिडलेली होती. भाऊंची मुलगी दोन वर्षांपासून सासर सोडून माहेरी होती. ती का आली, हे गावात कुणी धड बोलत नव्हतं, पण नानांना माहीत होतं, कारण भाऊ स्वतः एका संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन रडले होते. मी खालच्या खोलीतून ते ऐकलं होतं. मी तेही वापरू शकलो असतो, दुसऱ्या बाजूचं काम असतं तर. हे मी स्वतःबद्दल सांगतो आहे.

नानांनी भोंगा हातात घेतला. आवाज नेहमीचाच.

"प्रवासी बंधू-भगिनींनो, गेले चार दिवस गावात एक घोषणा चालू आहे. त्या घोषणेत गाडीची वेळ सांगितलेली नाही. वेळ सांगितल्याशिवाय घोषणा पुरी होत नाही. ती गाडी सात वाजून दहा मिनिटांनी सुटते. मी तिनं जातो. पिशवी अक्का भरतात."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाई कोण, ते सांगा."

"त्यांनी उमेदवारीचा अर्ज भरलेला नाही," नाना म्हणाले. "आता गटारीकडे वळू."

मागचा एक पोरगा पुढं सरकला आणि त्यांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाना, मग भाऊंची पोरगी माहेरी का बसली ते सांगा ना. तुम्हाला माहीत आहे."

भाऊ चौकाच्या पलीकडे पानटपरीवर उभे होते. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी माझा दंड धरला.

नानांनी पोराकडे पाहिलं. "तिनं पण अर्ज भरलेला नाही," ते म्हणाले, आणि भोंग्याचं बटण बंद केलं. गटारीचं बोलायचं राहूनच गेलं. सभा तिथंच संपली.

निकाल लागला तेव्हा नानांना नेहमीची मतं पडली होती, गल्लीतली आणि शाळेमागची. नवी जी येणार होती ती आली नाहीत. नाना भाऊंकडे जाऊन पेढा खाऊन आले. भाऊ त्यांच्या पाया पडले म्हणतात. मी तिथं नव्हतो.

निवडणूक संपली की सगळं विसरतात, हे आमच्या धंद्यातलं आवडतं वाक्य. फ्लेक्स उतरतात, चिकटवलेले कागद पावसानं जातात. पण त्या वेळी मोबाईल होते. रेकॉर्डिंग कुणीतरी पाठवलं, कुणीतरी पुढं ढकललं, ते धुळ्यात पोहोचलं. स्टँडमागची खानावळ कुठली, हे तिथल्या लोकांना कळायला किती वेळ लागणार? ज्या मुली तिथं जेवत त्यांच्या आईबापांच्या फोनवर ते गेलं. शिरपूर, साक्री, दोंडाईच्याकडची साधी माणसं. त्यांनी फार विचार केला नाही. पंधरा-वीस दिवसांत सतरंजीवर बसायला कुणी उरलं नाही.

हे मला कसं कळलं, तर निकालानंतरच्या दुसऱ्या शनिवारी नाना नेहमीसारखे सात दहाच्या गाडीनं गेले. संध्याकाळी मी ओट्यावर होतो. ते आले, आणि त्यांच्या हातात पिशवी भरलेलीच होती. केळ्यांची फणी वरून दिसत होती, प्रवासात काळी पडलेली. नाना जिना चढले. जिन्यावरून कसलीच घोषणा झाली नाही. थोड्या वेळानं अक्का खाली आल्या आणि ती केळी त्यांनी गल्लीतल्या गाईसमोर ठेवली. गाय खात होती तोवर तिथं उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कुलूप शे. शेजारी सांगतात, पोरी जेवायला यायच्या थांबल्या, ती सुरतेला भावाकडे गेली."

त्या हिवाळ्यातही भरीत झालं. नानांनी भाऊंना बोलावलं, पुतण्याला बोलावलं, आम्हाला तर घरातलेच म्हणून. मी पोट दुखतं म्हणून सांगावं असं ठरवलं होतं. पण नाना स्वतः बोलवायला खाली आले, तर उठून गेलो. त्यांनी मला दोनदा आग्रह करून वाढलं. मी खाल्लं. त्या दिवशी नानांनी कसलीही गोष्ट सांगितली नाही. भाजलेल्या वांग्याची सालं काढत बसले होते, एकेक, सावकाश.

पुढं ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. तसं पुढं बरीच वर्षं पालिकेला निवडणूकच झाली नाही, प्रशासक होता. शनिवारी ते घरीच असत. पेपर येई, तो मनातल्या मनात वाचत. मुलीची दहावी झाल्यावर मी दुसरीकडे घर घेतलं. निघताना नाना म्हणाले, सामान नीट तपासून घे, काही राहिलं का बघ. मी म्हणालो, काही राहिलं नाही.

करोनानंतरच्या वर्षी ते गेले. जळगावच्या दवाखान्यात चार दिवस होते. मी दोनदा भेटायला गेलो आणि दोन्ही वेळा खाटेजवळ दुसरं कुणीतरी होतं, याचं मला बरं वाटलं.

यंदा अखेर निवडणुका लागल्या. भाऊंचा पुतण्या आता स्वतः उभा होता. दुकानात आला, चहा मागवला, आणि म्हणाला, "पेंटरकाका, समोरच्यावर एक तशी बनवा ना. नानांवर बनवली होती तशी. लोक अजून काढतात तिची आठवण."

मी मशीन बिघडलंय म्हणालो. वास्तविक लिहायला मशीन लागत नाही, हे त्यालाही माहीत होतं. साधं नाही म्हणायलासुद्धा मला खोटं बोलावं लागलं. तो गेल्यावर दुकान बंद केलं आणि अक्कांकडे गेलो.

अक्का आता खालीच राहतात, आमच्या जुन्या खोलीत. जिना चढवत नाही. त्यांनी ओळखलं, बस म्हणाल्या, मुलीची चौकशी केली. मी सगळं एका दमात सांगितलं. दुकानातली दुपार, पेपरचं वाक्य, 'काय माहीत' म्हणालो ते. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रिक्षा गल्लीतून बाहेर पडायच्या आत त्यांना कळलं होतं. मी वर गेले तर मला म्हणाले, पेंटरला काही बोलायचं नाही. बोललीस तर तो खोली सोडून जाईल, आणि पोरीची दहावी इथं शे."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला बोलायचं होतं," अक्का म्हणाल्या. "दोन वर्षं रोज बोलायचं होतं. तू जिन्याखालून जायचास तेव्हा वरून पाणी ओतावं वाटायचं तुझ्या डोक्यावर. पण त्यांनी सांगून ठेवलं होतं."

मी म्हणालो, "अक्का, मला माफ करा."

"मी काय माफ करू? माझं काय गेलं? माझा माणूस तर शनिवारी घरी राहायला लागला." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. सरळ सांगितलं. "त्यांचं तेरावं झाल्यावर मी सुरतेला जाऊन आले. भाचा घेऊन गेला. भावाच्या घरी मागच्या खोलीत असते, साड्यांना टिकल्या लावते. बातमी तिला कोणी कळवलीच नव्हती. मीच सांगितली. रडून झाल्यावर तिनं एकच विचारलं, अक्का, ते कोणी लिहिलं होतं? पेपरचं त्याला कसं माहीत होतं? तिला तू आठवतच नव्हतास. एकदा आलेला माणूस."

"तुम्ही काय सांगितलं?"

"तुझं नाव मी घेतलं नाही," अक्का म्हणाल्या. "ते तू घे."

त्यांनी पत्ता सांगितला, मी लिहून घेतला. सुरतेतल्या उधन्याच्या बाजूचा आहे. जळगावहून नंदुरबारमार्गे सुरतेला रोज गाड्या आहेत, सकाळी बसलं तर दुपारी पोहोचतं. अक्कांकडे गेलो त्याला महिना होऊन गेला. मी अजून गेलेलो नाही.